रूपांतराचे दिवस

पहिला दमदार पाऊस पडून गेला की त्या रात्री वसईच्या वाड्यांतून बेडकांचा जो घोष उठतो, तो ज्याने लहानपणी अंथरुणात पडून ऐकला आहे, त्याला पावसाळा सुरू झाल्याची वार्ता वर्तमानपत्रात वाचावी लागत नाही. उन्हाळाभर मातीच्या पोटात मिटून बसलेला हा जीव एका रात्रीत बाहेर येतो. त्यातला मोठा नर अंगावर हळदीसारखा पिवळा रंग चढवतो, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगवतो आणि सारी शेते आपल्याच मालकीची असल्याच्या थाटात ओरडू लागतो. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात बेडकांवर एक संपूर्ण सूक्त आहे. पावसाने जागे झालेले बेडूक एकामागून एक ओरडतात, ते त्या ऋषीला गुरूमागून पाठ म्हणणाऱ्या शिष्यांसारखे वाटले. सेमिनरीत भारतीय तत्त्वज्ञान शिकताना ही गोष्ट प्रथम कळली तेव्हा आम्ही सारे हसलो होतो. कारण ग्रीक धातूंची रूपे घोकणारा आमचा वर्गही त्याहून फारसा वेगळा नव्हता!

असे असूनही माणसाने बेडकाला कधी सन्मानाने वागवले आहे असे म्हणवत नाही. संकुचित मनाच्या माणसाला आपण ‘कूपमंडूक’ म्हणतो आणि माणसाचा दोष विहिरीतल्या त्या बिचाऱ्याच्या माथी मारतो. माझ्या पिढीतल्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी त्याला मेणाच्या तबकात उताणा पाडून टाचण्या टोचल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयांतील हे विच्छेदन थांबवण्याचा आदेश काढला तो थेट २०१४ साली. एके काळी त्याच्या तंगड्या परदेशातल्या ताटांसाठी आपल्या देशातून जात. भातावरची कीड खाणाराच शेतातून नाहीसा होऊ लागला अशी ओरड झाली, तेव्हा कुठे १९८७ साली सरकारने त्या निर्यातीवर बंदी घातली.

अशा या उपेक्षित प्राण्याची बाळे एके दिवशी माझ्या दारात येतील आणि महिनाभर माझ्या पडवीत मुक्काम करतील, असे मला कुणी सांगितले असते तर मी त्यावर विश्वास ठेवला नसता.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये पावसाने मोठी ओढ दिली होती, हे वाचकांना आठवत असेल. त्या महिन्याच्या सहा तारखेला रविवार होता. धर्मशिक्षणाचा वर्ग आटोपल्यावर पाचवी-सहावीतली चार मुले माझ्या कचेरीच्या दारात येऊन उभी राहिली. एकाच्या हातात श्रीखंडाचा रिकामा डबा होता, दुसऱ्याच्या हातात पाण्याची बाटली. डब्यात शेपट्या हलवणारे काळे-करडे ठिपके दाटीवाटीने वळवळत होते. ते बेडूकमासे होते.

गावाच्या टोकाला असलेल्या बावखलात डबर आणि मातीचा भराव पडू लागला होता. त्या भरावाने एका कोपऱ्यातले पाणी मूळ पाण्यापासून तुटले, त्याचे उथळ डबके झाले, आणि वर तापणारे ऊन! दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक पुन्हा येणार होते.

“फादर, सिस्टरांनी आज नोहाच्या तारवाचा धडा घेतला,” डबेवाला म्हणाला. “मग यांना पण आत घ्या ना.”

या युक्तिवादापुढे माझे सेमिनरीतले सारे तर्कशास्त्र निरुपयोगी होते. मी डबा हातात घेतला.

त्या दिवशी आणखी एक योग जुळून आला होता. सहा ऑगस्ट हा प्रभूच्या रूपांतराचा सण. डोंगरावर शिष्यांच्या डोळ्यांदेखत प्रभूचे रूप पालटले, हे सांगताना मत्तय आणि मार्क या दोन्ही शुभवर्तमानकारांनी जो ग्रीक धातू वापरला आहे, त्याच धातूपासून शास्त्रज्ञांनी ‘मेटामॉर्फोसिस’ हा शब्द घेतला. अळीचे फुलपाखरू होते, बेडूकमाशाचा बेडूक होतो, ते हे मेटामॉर्फोसिस. मराठीत तर दोन्हीकडे आपण ‘रूपांतर’ हा एकच शब्द वापरतो. सकाळी वेदीवरून ज्या शब्दावर मी प्रवचन केले होते, तोच शब्द दुपारी श्रीखंडाच्या डब्यात पोहत माझ्याकडे आला होता.

पाहुणे आले म्हणजे त्यांची व्यवस्था पाहायला हवी. मागच्या पडवीत, जिथे दुपारचे ऊन थेट येत नाही, तिथे दोन पसरट टब मांडले. पाणी चर्चच्या विहिरीचे. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन घातलेले असते. आपल्याला ते मानवते, पण बेडूकमाशांच्या कोवळ्या कल्ल्यांना ते जाळते. विहीर नसेल तर नळाचे पाणी पसरट भांड्यात एक दिवस उघडे ठेवावे म्हणजे त्यातला क्लोरीन बराचसा उडून जातो. तळाशी थोडी वाळू, चार दगड आणि शेवाळलेल्या पाणवनस्पतीची एक जुडी. रोज थोडे जुने पाणी काढायचे आणि तेवढेच नवे ओतायचे. एकदम सगळे बदलले तर त्यांना ते सोसत नाही. पाण्याला घाण वास येऊ लागला की समजावे, खाणे जास्त होत आहे.

खाणे म्हणजे उकडलेल्या पालकाचे चिमूटभर तुकडे. धर्मगुरूनिवासात स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी आपला निषेध नोंदवला. “फादर, तुम्हाला पालकाची भाजी केली तर तुम्ही ताटात ठेवता, आणि या किड्यांसाठी मी पालक निवडायचा?” परंतु तिसऱ्या दिवशी सकाळी मी मिस्सा आटोपून परतलो तेव्हा मावशी टबापाशी वाकून उभ्या होत्या, आणि पालक आधीच पाण्यात पडला होता.

चार-सहा दिवसांत ध्यानात आले की हे सारे पाहुणे एका घरचे नाहीत. काही अगदी काळे कुळकुळीत, लहानसर, आणि कायम कळपाने फिरणारे. ती खडबडीत पाठीच्या भेकाची, म्हणजे पावसाळ्यात आपल्या अंगणातल्या दिव्याखाली किडे टिपायला येऊन बसणाऱ्या त्या गरीब प्राण्याची पिल्ले. काही करडी, एकएकटी, तळाशी बसून राहणारी. आणि तीन-चार मात्र आकाराने दांडगी, चपळ, रुंद तोंडाची. एके दिवशी संध्याकाळी एक मुलगी धावत कचेरीत आली. “फादर, तो मोठा आहे ना, तो दुसऱ्याला खातोय!”

ते खरे होते. आपल्याकडचा सर्वांत मोठा, पिवळा पडणारा जो बेडूक, त्याची पिल्ले मांसाहारी असतात आणि इतर बेडूकमाशांना, प्रसंगी आपल्या सख्ख्या भावंडांनाही, खातात. मुलांना मोठा धक्का बसला. धर्मशिक्षणात काइन आणि हाबेल नुकतेच होऊन गेले होते. “फादर, याला पाप लागतं का?” मी म्हणालो, “नाही रे बाळा. पाप लागायला, दुसरं काही करता आलं असतं हे कळावं लागतं. ते कळणं देवानं माणसाला दिलंय.” मुले थोडा वेळ गप्प उभी राहिली. मग त्या दांडग्यांसाठी तिसरा टब आला आणि त्यांचे जेवण मुलांनीच शोधून काढले. चर्चच्या आवारातल्या कुंड्यांखालच्या बशांत डासांच्या अळ्या वळवळत होत्या. त्या चमच्याने काढून टबात सोडल्या की पाहता पाहता फस्त होत.

हे पाहताना मला निर्गमाच्या पुस्तकातले बेडूक आठवले. मिसर देशावर जी दहा संकटे आली त्यांतले दुसरे बेडकांचे. नदीतून निघून ते फारोच्या शयनगृहात शिरले, भट्ट्यांत आणि कणीक मळायच्या परातींत शिरले. लहानपणी ती गोष्ट ऐकताना आम्हांला तेवढाच भाग आवडत असे. पुढचा भाग मात्र सावकाश वाचण्यासारखा आहे. बेडूक मेले, त्यांचे ढीग रचले गेले, देशभर दुर्गंधी सुटली. आणि त्याच्या पाठोपाठ जी दोन संकटे आली ती चिलटांची आणि माश्यांची! पवित्र लेखकाच्या मनात तेव्हा काय होते हे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. पण आपल्या गावांत सायंकाळी खिडक्या बंद करून बसणाऱ्या आणि डेंग्यूच्या भीतीने ग्रासलेल्या आपणा सर्वांना तो क्रम ओळखीचा वाटावा असा आहे.

हळूहळू पडवीत वर्दळ वाढली. शाळा सुटल्यावर मुले यायची, त्यांच्यामागून त्यांच्या आया, आणि संध्याकाळच्या मिस्सानंतर वृद्ध मंडळी. बेडूकमासे पाळणारे फादर पाहायला काहीजण शेजारच्या गावातूनही आले. त्यांना मी सांगत असे की या वेडात मी पहिला धर्मगुरू नव्हे. अठराव्या शतकात इटलीत लाझारो स्पालान्झानी नावाचे एक धर्मगुरू होऊन गेले. १७२९ साली त्यांचा जन्म झाला आणि १७९९ साली ते वारले. पाविया येथील विद्यापीठात ते प्राध्यापक होते. बेडूकमाशाची तोडलेली शेपटी पुन्हा उगवते, हे त्यांनी १७६८ साली लिहून ठेवले. जीवाची उत्पत्ती कशी होते याविषयी तेव्हा विद्वानांत मोठे वाद होते. त्यांचा निकाल लावण्यासाठी या सद्गृहस्थांनी नर बेडकांना तलम कापडाच्या छोट्या विजारी शिवून घातल्या! विजारवाल्या नरांच्या सोबतीत मादीने घातलेली अंडी उबली नाहीत, आणि सृष्टीचे एक रहस्य उलगडले. ही कथा मी सांगितली की वृद्ध बायका पदर तोंडाला लावून हसत. पण त्यांतल्या एकीने मला विचारले, “फादर, एवढ्या लहान विजारी शिवल्या कुणी?” इतिहासाने या शिंप्याचे नाव ठेवलेले नाही.

ऑगस्ट संपत आला आणि पाय फुटू लागले. आधी मागचे दोन, शेपटीच्या मुळाशी मोहरीएवढ्या फुगवट्यासारखे. मग त्यांना सांधे येतात, बोटे येतात. पुढचे दोन पाय मात्र कातडीच्या आत गुपचूप घडत असतात आणि एके दिवशी कातडी भेदून कोपर बाहेर येते. रात्री दोन पायांचा असलेला जीव सकाळी चार पायांचा दिसतो. मुलांनी वहीत रोजची चित्रे काढली होती. त्यांतल्या एका चित्राखाली लिहिले होते: ‘आज याला हात आले.’

या दिवसांत शरीराच्या आत जे चालते ते बाहेरच्याहून विलक्षण असते. पाला खाऊन जगणाऱ्याचे लांबलचक वेटोळे आतडे आखडून कीटक खाणाऱ्याचे आखूड आतडे होते. इवलेसे तोंड फाकत जाऊन डोळ्यांखालपर्यंत पोचते. कल्ले विरतात आणि फुप्फुसे काम करू लागतात. ही सारी आज्ञा गळ्याजवळच्या थायरॉईड ग्रंथीच्या रसातून सुटते. गुडरनाच या शास्त्रज्ञाने १९१२ साली बेडूकमाशांना घोड्याची थायरॉईड ग्रंथी खाऊ घातली, तेव्हा ते वेळेआधीच रूपांतरित होऊ लागले. शेपटी काही गळून पडत नाही. तिच्या पेशी स्वतःच विरघळतात आणि त्यांतले सत्त्व नव्या देहाच्या कामी येते. तोंडाची मोडतोड चालू असल्याने त्या चार-सहा दिवसांत त्याला खाता येत नाही. तो आपल्या शेपटीवरच उपवास काढतो.

पुनरुत्थान समजावून सांगताना आम्ही धर्मगुरू मुलांना बहुधा फुलपाखराचे उदाहरण देतो. परंतु फुलपाखराचे रूपांतर कोशाच्या बंद दाराआड होते. आपल्याला आधीचे दिसते आणि नंतरचे दिसते, मधले दिसत नाही. बेडूकमाशाला असा आडपडदा नाही. पोहत असताना, घाबरत असताना, उपाशी असताना, सर्वांच्या देखत त्याला बदलावे लागते. संसारी माणसाचे बदलणे मला या दुसऱ्या प्रकारचे वाटते. कामावर जाता जाता, मुलांचे डबे भरता भरता, आजाऱ्याची उशी सारखी करता करता माणूस जुना टाकून नवा होतो. त्याला कोशात जायला सवड कुठे असते?

आणि याच वेळी पाळणाऱ्याला एक काम फार सावधपणे करावे लागते. फुप्फुसे आली की ज्या पाण्याने आजवर वाढवले त्याच पाण्यात तो बुडून मरू शकतो. टबाच्या गुळगुळीत भिंतीवर त्याला चढता येत नाही, दमून तो तळाशी जातो. म्हणून पाण्यातून बाहेर यायला उतार हवा. आम्ही पडवीत पडलेली जुनी मंगलोरी कौले प्रत्येक टबात तिरपी ठेवली आणि पाणी कमी केले. दुसऱ्या दिवशी पहाटे कौलाच्या खाचेत नखाएवढा एक जीव बसला होता. शेपटीचा आखूड शेंडा अजून उरला होता, गळा भाताच्या दाण्याएवढा धडधडत होता. त्याने प्रथमच हवा घेतली होती.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी डबेवाल्या मुलाची आजी पडवीत आली. ते बावखल पाच भाऊबंदांच्या सामाईक मालकीचे. त्यांतल्या तीन घरांनी आपला वाटा विकला होता आणि त्या तिघांत या आजीचे घर होते. मुलाची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेली. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस. त्याला पवित्र कम्युनियन देण्यासाठी मी दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी त्यांच्या घरी जात असे, त्यामुळे त्या घरातली कोणती वस्तू कोणत्या महिन्यात गेली हे मला ठाऊक होते. आजी बाकावर न बसता टबाशी उकिडवी बसली.

“फादर, नातू दोन दिवस माझ्याशी बोलला नाही,” ती म्हणाली. “म्हणतो, आजी, तू बेडकांचं घर विकलंस. आता त्याला मी काय सांगू?”

“जे आहे ते सांगा, मावशी. बापाच्या औषधाला पैसे लागतात हे समजण्याएवढा तो मोठा झालाय.”

“ते त्याला समजतं हो. म्हणून तर मला जास्त लागतं.” मग थोड्या वेळाने ती म्हणाली, “लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्या पावसाच्या रात्री यांच्या ओरडण्यानं मला झोप येईना. सासूबाई म्हणाल्या, होईल सवय. सवय झाली फादर. आता यंदा त्या बाजूनं आवाज कमीच होता.”

नव्या पिढीतल्या वाचकांसाठी सांगायला हवे की बावखल म्हणजे नुसता खड्डा नव्हे. आपल्या पूर्वजांनी खणलेली ही गोड्या पाण्याची तळी पावसाचे पाणी धरून ठेवतात, ते जमिनीत मुरवतात, आसपासच्या विहिरींना पुरवतात आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याला थोपवून धरतात. केळी आणि पानवेली ज्या पाण्यावर वाढल्या, त्या पाण्याची ही ठेव. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली आपली गावे रस्त्यावर आली. २०२४ साली आपल्यातून गेलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्या लढ्याच्या अग्रभागी होते. मी तेव्हा कोवळ्या वयाचा होतो. लढ्यात समोर कोण आहे ते स्पष्ट दिसत होते. आज बावखल बुजते तेव्हा समोर अनेकदा आपल्यातलीच एखादी आजी असते, आणि तिच्या पिशवीत दवाखान्याची बिले असतात. तिच्यापुढे उभे राहून निसर्गरक्षणाचे प्रवचन कसे करावे?

सप्टेंबर उजाडला, पाऊस परतला. टबांच्या झाकणाला आतून इवलेसे बेडूक चिकटू लागले. आता मुलांत दोन तट पडले. काहींना ते ठेवून घ्यायचे होते. त्यांनी काचेच्या पेटीची किंमतही काढून आणली होती. मला रूपांतराच्या डोंगरावरचा पेत्र आठवला. ते तेज पाहून त्याला तिथेच तीन तंबू ठोकून राहावेसे वाटले होते. परंतु प्रभू त्यांना घेऊन डोंगर उतरला. मी मुलांना तेच सांगितले, आणि सोबत व्यवहारही सांगितला. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्यात बेडकांनाही स्थान आहे. रानातला जीव घरात कोंडून ठेवणे ही काही गंमत नव्हे. शिवाय इवल्या बेडकाला रोज जिवंत, हलणारे किडे लागतात, ते पेटीत कुठून आणणार?

मग सोडायचे कुठे? कुणी म्हणाले चर्चच्या तळ्यात, कुणी म्हणाले दूर धरणावर. पण बेडूक एका पाण्यातून उचलून दुसऱ्या पाण्यात टाकू नयेत. त्यांच्या कातडीवर वाढणारी कायट्रिड नावाची एक सूक्ष्म बुरशी जगभर पसरली आहे. बेडूक कातडीने श्वास घेतो आणि पाणीही कातडीनेच पितो, त्यामुळे ही बुरशी त्याच्या मुळावरच उठते. शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती ओळखली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार तिच्यामुळे पाचशेहून अधिक जाती घटल्या आणि नव्वद जाती नामशेष झाल्या आहेत. रोग नकळत माणसाच्या हातूनच इकडून तिकडे जातो. म्हणून जिथले पाणी तिथेच जीव. शिवाय अनेक जातींचे बेडूक मोठे झाल्यावर अंडी घालायला आपल्या जन्माच्या पाण्याकडेच परततात.

सुदैवाने न विकलेल्या दोन वाट्यांचे पाणी पलीकडच्या बाजूला करंजाच्या झाडांखाली शिल्लक होते. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस भुरभुरत असताना, आम्ही टब घेऊन तिथे गेलो. मुलांनी हात साबणाशिवाय, नुसत्या पाण्याने धुऊन ओले ठेवले होते, कारण साबण आणि डास पळवण्याचे मलम त्या कातडीला विषासमान. काठावरच्या ओल्या गवतात टब कलते केले. काही बेडूक झटकन गेले, काही बराच वेळ तिथेच बसून राहिले.

तेवढ्यात एक रिक्षा येऊन थांबली. डबेवाल्या मुलाचे वडील आत बसले होते, हाताला पट्टी होती. त्यांना उतरवत नव्हते. मुलाने काही न बोलता तिसऱ्या टबातला, त्या दांडग्यांपैकी एक बेडूक ओंजळीत घेतला आणि वडिलांच्या ओंजळीत ठेवला. ते म्हणाले, “याच कोपऱ्यात मी पोहायला शिकलो, फादर.” मग त्यांनी रिक्षातूनच हात बाहेर काढला आणि ओंजळ उघडली. मुलगा वडिलांना चिकटून रिक्षात बसला आणि त्यांच्याबरोबरच घरी गेला. आजीशी त्याचे बोलणे त्या रात्री सुरू झाले, असे तिने मला नंतर सांगितले.

किती जगले असतील? खरे सांगायचे तर फार थोडे. बेडकाची मादी हजारोंनी अंडी घालते ती याचसाठी, की त्यांतून एखाद-दुसरेच मोठे होते. मासे, बगळे, साप, सर्वांचा त्यात वाटा असतो. तेव्हा श्रीखंडाच्या डब्यातून आलेल्या पिल्लांनी वसईतल्या बेडकांची संख्या वाढवली असा दावा मी करणार नाही. जगातल्या उभयचर प्राण्यांची पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तीनुसार त्यांच्या दर पाच जातींपैकी सुमारे दोन जाती धोक्यात आहेत. आपल्या सह्याद्रीत तर असे बेडूक आहेत की जे जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठेच नाहीत. सिंधुदुर्गातल्या आंबोलीचा एक भेक २००९ साली शास्त्राला ज्ञात झाला. तो त्या एका गावाच्या परिसरापुरता. एवढ्या नाजूक धाग्याला लटकलेले हे जीव टबांनी वाचणार नाहीत. त्यांचे पाणी वाचले तर ते वाचतील. म्हणून कुणाला डबक्यात बेडूकमासे दिसले तर बहुधा ते तिथेच असू द्यावेत. पाणी नक्की संपणार असेल तरच उचलावेत, आणि उचलले तर परत न्यायची जागा आधी पाहून ठेवावी.

हे शेवटचे वाक्य मी मुलांना सांगत होतो आणि माझ्या डोळ्यांपुढे माझा धर्मग्राम उभा राहिला. आपणही आपल्या लेकरांना पाय फुटेपर्यंत, फुप्फुसे येईपर्यंत सांभाळतो आणि मग कौल तिरपे करून ठेवतो. कुणी आखातात जाते, कुणी कॅनडात. जायलाच हवे, उतार न ठेवणारे घर मुलाला बुडवते. परंतु त्यांतले कुणी उद्या परत यायचे म्हणाले, तर त्याच्यासाठी आपण कोणते पाणी राखले आहे? सामाईक असे आपल्याकडे काय उरले आहे?

मुलांनी वहीच्या मागच्या पानांवर गावातल्या बावखलांची यादी केली. घरोघरी जाऊन त्यांनी वडीलधाऱ्यांना विचारले: कोणते बावखल कुठे होते, किती घरांच्या वाट्याचे, आज पाणी आहे की भराव. ती यादी आम्ही धर्मग्रामाच्या सभेत ठेवली. सभेत नेहमीप्रमाणे दोन-चार जणांनी विकणाऱ्यांना दोष दिला. तेव्हा ती आजी उठून उभी राहिली आणि म्हणाली, “मला तेव्हा कुणी विचारलं असतं, की बाई, तुला किती कमी पडतात, तर मी थांबले असते.” सभा शांत झाली. त्यानंतर पाण्याच्या विषयासोबत रुग्णनिधीचा विषय निघाला आणि या दोन विषयांना आम्ही पुन्हा वेगळे केले नाही. ज्या घरात दीर्घ आजार आहे आणि ज्या घराचा बावखलात वाटा आहे, त्या घराकडे वाटा विकायची वेळ येण्याआधी जायचे, असे ठरले. निधी अजून लहान आहे. त्यातून एखादे डायलिसिस होते, एखाद्या महिन्याची औषधे येतात.

वाचकहो, आपापल्या गावात अशी यादी करणे अवघड नाही. एक वही, दोन-चार मुले आणि ऐकू येत असलेली एखादी आजी एवढे पुरते. यादीत बावखलाच्या नावापुढे एक रकाना अधिक आखावा: या पाण्याच्या मालकाच्या घरी सध्या काय कमी पडते आहे.